नडगीचं हाड मोडलं, पण कागदावर काय लिहिलं?

ऑर्थोच्या वॉर्डातल्या केसपेपरवर गुडघ्याखाली पाय मोडल्याची नोंद बहुधा एका ओळीत उरकलेली असते. हॅशची खूण, पुढे ‘बीबी लेग’ आणि शेवटी ‘आरटी’ किंवा ‘एलटी’. हॅश म्हणजे फ्रॅक्चर, बीबी म्हणजे बोथ बोन्स, पायाची दोन्ही हाडं, आणि आरटी-एलटी म्हणजे उजवा-डावा. वॉर्डात एवढं पुरतं. रजिस्ट्रारने पेशंट पाहिलेला असतो, एक्स-रे समोर असतो, राउंडला सरांना बाकीचं तोंडी सांगता येतं.

अडचण सुरू होते ती कागद वॉर्डाबाहेर पडल्यावर. तो टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेच्या, टेबलावर जातो, जन आरोग्य योजनेच्या डेस्कवर जातो, अपघाताचा दावा असेल तर वकिलाच्या फाइलमध्ये जातो, आणि हाड जुळलंच नाही तर दोन वर्षांनी दुसऱ्याच सर्जनसमोर उघडला जातो. यांतल्या कुणीही तो पाय पाहिलेला नसतो. त्यांच्यापुढे असतो फक्त कागद, आणि त्या कागदावरून काढलेला एक कोड. हा कोड कसा बनतो, त्यासाठी डॉक्टरांनी काय लिहायला हवं आणि ते लिहिलं नाही तर काय होतं, हे इथे सांगतो. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत रात्रपाळीला अमेरिकन चार्ट कोड करणारी आपली मुलं, कॅज्युअल्टीत केसपेपर लिहिणारे हाऊसमन (शिकाऊ निवासी डॉक्टर) आणि हातात डिस्चार्ज कार्ड घेऊन उभे असलेले नातेवाईक, या तिघांनाही याचा उपयोग व्हावा.

एस ८२ म्हणजे काय

जगभरातल्या आजारांना आणि दुखापतींना ठरावीक क्रमांक देण्याची यादी जागतिक आरोग्य संघटना ठेवते. तिला आयसीडी म्हणतात. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, पण विम्याच्या कागदांवर आजही दहावीच चालते. आपल्याकडे विमा नियामकाने ठरवून दिलेल्या क्लेम फॉर्मचा जो ‘पार्ट बी’ हॉस्पिटलने भरायचा असतो, त्यात आयसीडी-१० कोडसाठी वेगळे रकाने आहेत. अमेरिकेने याच यादीचा स्वतःसाठी बराच वाढवलेला अवतार तयार केला आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून तो तिथे सक्तीचा आहे. त्याला आयसीडी-१०-सीएम म्हणतात. नवी मुंबईत बसून आपली मुलं ज्यावर काम करतात ते हेच.

दोन्ही पुस्तकांत दुखापतींची सुरुवात ‘एस’ या अक्षराने होते आणि ‘एस ८२’ म्हणजे गुडघ्याखालच्या पायाचं फ्रॅक्चर, घोट्यासकट. या भागात दोन लांब हाडं आहेत. पुढचं जाड हाड म्हणजे टिबिया, आपली नडगी. अंगाचं वजन मुख्यतः तीच पेलते. तिच्या बाहेरच्या बाजूला बारीक फिब्युला. नडगीवरून बोट फिरवून पाहा, आतल्या बाजूला हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस जवळपास नाहीच. म्हणूनच लांब हाडांपैकी टिबियाचं फ्रॅक्चर कातडी फोडून बाहेर येण्याचं प्रमाण सर्वांत जास्त. पुढे ‘ओपन’ (कातडी फुटलेलं) आणि ‘क्लोज्ड’ (कातडी शाबूत असलेलं) यावर इतका जोर का दिला आहे, त्याचं कारण या रचनेत आहे.

बिंदूनंतरचा आकडा पाय वरून खाली उतरत जातो. शून्य म्हणजे गुडघ्याची वाटी. पुष्कळांना वाटतं वाटीचा कोड गुडघ्यात मिळेल, पण ती एस ८२ मध्येच मोजली जाते. एक म्हणजे टिबियाचं वरचं टोक, ज्यात गुडघ्याच्या सांध्याचा सपाट पृष्ठभाग, म्हणजे प्लॅटो येतो. दोन म्हणजे मधला दांडा, शाफ्ट. तीन म्हणजे खालचं टोक. चार म्हणजे फिब्युला. पाच आणि सहा म्हणजे घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूची हाडं, मीडियल आणि लॅटरल मॅलिओलस. आठमध्ये घोट्याची बाकीची फ्रॅक्चर येतात, बायमॅलिओलर आणि ट्रायमॅलिओलर धरून. नऊ म्हणजे ‘कुठे मोडलं ते लिहिलेलं नाही’. नऊ आकडा दिसला की समजायचं, लिहिणाऱ्याने कोडरला काहीच दिलेलं नाही.

इथे एक सापळा आहे आणि दोन्ही पुस्तकांवर काम करणारी माणसं त्यात हमखास अडकतात. संघटनेच्या मूळ यादीत टिबियाच्या शाफ्टबरोबर फिब्युलाही मोडली असेल तरी एस ८२.२ हा एकच कोड पुरतो, कारण त्या कोडच्या वर्णनातच ‘फिब्युलाच्या फ्रॅक्चरसह किंवा त्याशिवाय’ असं म्हटलं आहे. तिथला चौथा क्रमांक फक्त ‘एकट्या फिब्युला’साठी आहे. अमेरिकन पुस्तकात मात्र दोन्ही हाडांना वेगवेगळे कोड द्यावे लागतात. पुढचा आकडा तर आणखी फसवा. मूळ यादीत पाचवा आकडा ऐच्छिक आहे, शून्य म्हणजे क्लोज्ड आणि एक म्हणजे ओपन. म्हणजे तिथे एस ८२.२० याचा अर्थ नडगीच्या दांड्याचं क्लोज्ड फ्रॅक्चर. अमेरिकन पुस्तकात एस ८२.२० म्हणजे नडगीच्या दांड्याचं असं फ्रॅक्चर, ज्याचा प्रकार लिहिलेला नाही, आणि हा कोड तिथे अर्धवटच आहे, पुढे आणखी दोन जागा भरायच्या राहतात. आकडे तेच, अर्थ वेगळा. त्यामुळे आपण कोणतं पुस्तक उघडून बसलो आहोत हे आधी पक्कं करायचं.

एक डिस्चार्ज कार्ड जवळून वाचू

समजा कार्डवर असं लिहिलं आहे: ‘आरटीए, हॅश बीबी एलएल, कॉम, सीआरआयएफ विथ आयएल नेलिंग डन.’ आरटीए म्हणजे रस्ता अपघात, आयएल नेलिंग म्हणजे हाडाच्या पोकळीत इंटरलॉकिंग रॉड घालणं. आता एकेक तुकडा बघा.

‘एलएल’ म्हणजे लेफ्ट लेग की लोअर लिंब? लिहिणाऱ्याला माहीत असतं, वाचणाऱ्याला नाही. लोअर लिंब असेल तर डावा की उजवा हे कागदावर कुठेच नाही.

‘कॉम’ म्हणजे कम्युन्युटेड की कंपाउंड? कम्युन्युटेड म्हणजे हाडाचे तुकडे-तुकडे झालेले. कंपाउंड हा ओपन फ्रॅक्चरसाठीचा जुना शब्द, म्हणजे जखमेतून हाडाचा बाहेरच्या हवेशी संबंध आलेला. पहिल्याने फ्रॅक्चरचा प्रकार ठरतो, दुसऱ्याने जंतुसंसर्गाचा धोका. दोन संपूर्ण वेगळ्या गोष्टी, आणि घाईत दोन्हींचं तीच तीन-चार अक्षरं लिहून भागवलं जातं.

आणि ‘सीआरआयएफ’. म्हणजे क्लोज्ड रिडक्शन, इंटर्नल फिक्सेशन; ‘ओआरआयएफ’मध्ये क्लोज्डच्या जागी ओपन. यातला सी म्हणजे क्लोज्ड, पण तो फ्रॅक्चरबद्दल नाही, ऑपरेशनबद्दल आहे. क्लोज्ड रिडक्शन म्हणजे मोडलेल्या जागी कातडी न उघडता बाहेरूनच हाड जागेवर आणणं. फ्रॅक्चर ओपन असताना जखम धुऊन क्लोज्ड रिडक्शनने रॉड घालता येतो, आणि फ्रॅक्चर क्लोज्ड असताना ओपन रिडक्शन करून प्लेट बसवता येते. नवीन कोडर इथेच चुकतात. ‘ओआरआयएफ’ दिसलं की फ्रॅक्चर ओपन धरतात, ‘सीआरआयएफ’ दिसलं की क्लोज्ड. दावा तपासणाऱ्यांकडूनही हा घोळ होतो. ऑपरेशन कसं केलं यावरून हाड कसं मोडलं हे कधीच काढायचं नाही.

आता तेच कार्ड नीट लिहिलं असतं तर? ‘उजव्या टिबियाच्या शाफ्टचं, मधल्या भागातलं कम्युन्युटेड फ्रॅक्चर, डिस्प्लेस्ड, क्लोज्ड. सोबत उजव्या फिब्युलाच्या शाफ्टचं कम्युन्युटेड फ्रॅक्चर, डिस्प्लेस्ड, क्लोज्ड.’ एवढ्यावर अमेरिकन कोड सरळ निघतात: टिबियासाठी एस ८२.२५१ए आणि फिब्युलासाठी एस ८२.४५१ए. दोन म्हणजे टिबियाचा शाफ्ट, पाच म्हणजे कम्युन्युटेड, एक म्हणजे डिस्प्लेस्ड (जागेवरून सरकलेलं) आणि उजवा, शेवटचा ए म्हणजे क्लोज्ड फ्रॅक्चरवर उपचार चालू आहेत. डावा असता तर एकच्या जागी दोन. हाड जागेवरून सरकलेलं नसतं तर उजव्यासाठी चार, डाव्यासाठी पाच.

प्रकाराचा आकडा केवळ सजावट नाही. ट्रान्सव्हर्स म्हणजे आडवं मोडलेलं, बहुधा सरळ धडकेने. ऑब्लिक म्हणजे तिरपं. स्पायरल म्हणजे पिळ्यासारखं, पाऊल अडकून अंग फिरलं की होतं ते. सेगमेंटल म्हणजे हाड दोन ठिकाणी मोडून मधला तुकडा सुटा झालेला. या मधल्या तुकड्याचा रक्तपुरवठा धोक्यात असतो आणि तो जुळायला वेळ लागू शकतो, म्हणून तो कम्युन्युटेडमध्ये मिसळून टाकणं बरोबर नाही. हाऊसमनने एक्स-रे पाहताना हा एक शब्द लिहिला तर पुढच्या सर्जनला इजेचा जोर किती होता तेही कळतं.

मॅलिओलससारख्या काही हाडांना प्रकाराचा आकडा नाही. तिथे सहाव्या जागी ‘एक्स’ भरतात, म्हणजे शेवटचं अक्षर सातव्याच जागी पडावं. उजवा मीडियल मॅलिओलस, डिस्प्लेस्ड, क्लोज्ड असेल तर एस ८२.५१एक्सए. हा एक्स गाळला तर कोड संगणक स्वीकारतच नाही.

कागद गप्प राहिला तर नियम बोलतो

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आता सांगतो. डॉक्टर बऱ्याचदा असं धरून चालतात की आपण एखादी गोष्ट लिहिली नाही तर ती जागा कोरी राहील. तसं होत नाही. अमेरिकन कोडिंगचे अधिकृत नियम सांगतात: फ्रॅक्चर ओपन की क्लोज्ड हे लिहिलेलं नसेल तर क्लोज्ड धरा. डिस्प्लेस्ड की नाही हे लिहिलेलं नसेल तर डिस्प्लेस्ड धरा. मूळ यादीतही ओपन-क्लोज्डचा उल्लेख नसेल तर क्लोज्डच मानतात.

याचा अर्थ असा की ओपन फ्रॅक्चरच्या पेशंटची जखम ओटीत धुतली, अँटिबायोटिक दिली, पाच दिवसांनी पुन्हा धुतली, आणि निदानाच्या ओळीत ‘ओपन’ शब्दच नाही, तर कोडच्या हिशेबात तो साधा क्लोज्ड पाय. मग दावा तपासणारा विचारतो, क्लोज्ड फ्रॅक्चरला दोनदा डिब्राइडमेंट, म्हणजे जखमेतला खराब भाग काढून साफ करणं, कशाला? पेशंटचा दावा अडकतो. डॉक्टरांनी चुकीचं काही लिहिलेलं नसतं, त्यांनी फक्त लिहिलेलंच नसतं.

ओपन लिहिलं तरी ग्रेड लागते. १९७६ मध्ये रॅमॉन गुस्टिलो आणि जॉन अँडरसन यांनी ओपन फ्रॅक्चरचे तीन प्रकार मांडले आणि १९८४ मध्ये गुस्टिलो आणि सहकाऱ्यांनी तिसऱ्याचे आणखी तीन भाग केले. तेच आजही वापरतात. पहिला प्रकार म्हणजे एक सेंटीमीटरहून लहान, स्वच्छ जखम. दुसरा म्हणजे त्याहून मोठी, पण आजूबाजूचं मांस फारसं चिरडलेलं नाही. तिसरा म्हणजे मोठ्या जोराची इजा. त्यात ए म्हणजे हाड झाकायला पुरेसं मांस शिल्लक आहे, बी म्हणजे हाडावरचं आवरण सोलवटून हाड उघडं पडलं आहे आणि झाकायला फ्लॅप (दुसरीकडून घेतलेला कातडी-मांसाचा तुकडा) लागेल, सी म्हणजे रोहिणी फाटली आहे आणि ती जोडावी लागणार. जखम लहान दिसली तरी इजा मोठ्या जोराची असेल आणि हाडाचा चुरा झाला असेल तर ती तिसऱ्यातच जाते. म्हणून खरी ग्रेड कॅज्युअल्टीत नाही, ओटीत जखम धुतल्यावर ठरते. कॅज्युअल्टीच्या कागदावर ‘ग्रेड टू’ आणि ओटी नोटमध्ये ‘थ्री बी’ असेल तर सर्जनची ओटी नोट धरायची, आणि डिस्चार्ज कार्डावरही तीच यायला हवी. दोन कागदांवर दोन ग्रेड राहिल्या तर क्वेरी येणार हे ठरलेलं.

कोडमध्ये सातव्या जागी बी म्हणजे पहिला किंवा दुसरा प्रकार, सी म्हणजे तिसऱ्याचे तिन्ही भाग. ग्रेड लिहिलीच नसेल, नुसतं ‘ओपन’ असेल, तर नियमाने बी पडतो. म्हणजे फ्लॅप लागलेला, महिनाभर वॉर्डात राहिलेला थ्री-बीचा पेशंट कागदावर एक सेंटीमीटरच्या जखमेच्या रांगेत जाऊन बसतो. आणि ओपन फ्रॅक्चरचा कोड दिला की त्याच जागेच्या जखमेचा वेगळा कोड द्यायचा नसतो, जखम त्यातच आली.

सातवं अक्षर म्हणजे कितवी व्हिजिट नव्हे

ए, बी आणि सी ही अक्षरं ‘पहिल्या भेटीची’ म्हणून शिकवली जातात आणि तिथून गोंधळ सुरू होतो. त्यांचा संबंध चालू उपचाराशी आहे. कल्याणच्या हॉस्पिटलात प्लास्टरचा स्लॅब लावून पेशंट परळला पाठवला, तिथे नवीन सर्जनने तपासून रॉड घातला, तर परळलाही ए, बी किंवा सीच. मुख्य उपचार आटोपून हाड भरून येण्याचा टप्पा सुरू झाला, की अक्षर बदलतं. प्लास्टर बदलणं, हाड जुळतंय का हे पाहायला एक्स-रे, फिक्सेटर (हाड धरून ठेवणारी बाहेरची चौकट) काढणं, टाके पाहणं, हे सगळं पुढच्या टप्प्यातलं. सारं ठीक चाललं असेल तर मूळ क्लोज्ड फ्रॅक्चरसाठी डी, ओपनच्या पहिल्या-दुसऱ्या प्रकारासाठी ई, तिसऱ्यासाठी एफ. जुळायला उशीर होत असेल तर जी, एच, जे. नॉनयुनियन, म्हणजे हाड जुळलंच नाही, तर के, एम, एन. मालयुनियन, म्हणजे वाकडं जुळलं, तर पी, क्यू, आर. आणि सगळं संपल्यावर मागे उरलेल्या त्रासासाठी एस.

इथे एक बारकावा आहे ज्याकडे मी सगळ्यांचं लक्ष वेधत असतो. प्रत्येक टप्प्याला तीन-तीन अक्षरं आहेत, कारण मूळ फ्रॅक्चर क्लोज्ड होतं की ओपन, आणि ओपन असेल तर कोणत्या प्रकारचं, हे शेवटपर्यंत मोजलं जातं. दोन वर्षांनी नॉनयुनियनसाठी बोन ग्राफ्ट करायला आलेल्या पेशंटचा कोड बरोबर द्यायचा तर पहिल्या दिवशीची जखम माहीत असावी लागते. पेशंटच्या पायावर तेव्हा फक्त वण असतो, आणि तो जखमेचा की ऑपरेशनचा हे कुणी सांगू शकत नाही. तेव्हा जुनं डिस्चार्ज कार्ड हाच एक पुरावा. नॉनयुनियनचं ऑपरेशन मोठं असलं तरी अक्षर के, एम किंवा एनच राहतं, ‘मोठं ऑपरेशन म्हणून ए’ असं करायचं नाही. याउलट एखादा पेशंट आधी हाडवैद्याकडे पट्ट्या बांधून घेत राहिला आणि फ्रॅक्चरसाठी पहिल्यांदाच हॉस्पिटलात उशिरा आला, तर त्याच्यासाठी सुरुवातीच्याच उपचाराचं अक्षर वापरतात. आधी काय केलं होतं ते केसपेपरवर लिहिलं नाही तर हा फरक कुणालाच कळणार नाही.

उशीर होतोय की जुळलंच नाही, हे कोडरने महिने मोजून ठरवायचं नसतं. ते डॉक्टरांनी शब्दांत लिहायचं.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत आणखी एक नियम. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान आधीपासून असेल आणि मोरीत पाय घसरण्यासारख्या किरकोळ पडण्याने नडगी मोडली, तर तो एस ८२ नाही. निरोगी हाड ज्याने मोडलं नसतं अशा कारणाने मोडलं, म्हणून ऑस्टिओपोरोसिसचा एम ८० हा गट लागतो. धावपटूंचं आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचं स्ट्रेस फ्रॅक्चर एम ८४ मध्ये. वाढत्या वयातल्या मुलांची वाढीची पट्टी मोडली असेल तर एस ८९. तिथे साल्टर-हॅरिसचा (वाढीच्या पट्टीच्या फ्रॅक्चरच्या वर्गीकरणातला) प्रकार लिहावा लागतो आणि नुसतं ‘घोट्याचं फ्रॅक्चर’ लिहून भागत नाही, कारण वाढ खुंटली का हे पुढे वर्षानुवर्षं पाहावं लागतं.

फ्रॅक्चरसोबतच्या इजाही वेगळ्या लिहायच्या. फिब्युलाच्या मानेजवळून पेरोनियल नस जाते, ती दुखावली तर पाऊल वर उचलता येत नाही. तिचा कोड एस ८४.१. पोटरीत दाब वाढून कंपार्टमेंट सिंड्रोम झाला तर त्याचा कोड निराळा. पायाची बोटं दुसऱ्याने ताणली की पेशंट किंचाळतो का, घोट्याखालची नाडी लागते का, संवेदना आहे का, हे किती वाजता पाहिलं, ते वेळेसकट लिहिलेलं असलं पाहिजे. फॅशियोटॉमी, म्हणजे दाब सोडवायला स्नायूंवरचं आवरण कापणं, का करावी लागली याचं उत्तर त्या दोन ओळींत असतं.

कसं मोडलं, हे मुंबईत विशेष महत्त्वाचं

फ्रॅक्चरच्या कोडला जोडून कारणाचा कोड देता येतो. तो ‘व्ही’ किंवा ‘डब्ल्यू’ अशा अक्षरांनी सुरू होतो. आपल्या शहरात याचं महत्त्व दुसरीकडच्यापेक्षा जास्त आहे.

खड्ड्यात चाक जाऊन स्कूटरवरचा माणूस पडला, कुणाची धडक नाही, तर व्ही २८. चालवणारा की मागे बसलेला, यासाठी चौथा आकडा वेगळा. ‘आरटीए’ एवढ्या तीन अक्षरांत यातलं काहीच नाही.

लोकलचं उदाहरण तर फार बोलकं आहे. कॅज्युअल्टीत लिहितात ‘रेल्वे अपघात’. पण लोकलमधून पडला तर व्ही ८१.६, चढता-उतरताना इजा झाली तर व्ही ८१.४, आणि रूळ ओलांडताना गाडीने उडवलं तर व्ही ०५. १९८९ च्या रेल्वे कायद्यातलं कलम १२४-ए गाडीतून चुकून पडलेल्या प्रवाशाला भरपाईचा हक्क देतं, रूळ ओलांडणाऱ्याला त्याचा आधार मिळत नाही. निर्णय अर्थातच रेल्वे दावा न्यायाधिकरण सगळे पुरावे पाहून देतं. पण पहिल्या तासात हॉस्पिटलने लिहिलेला इतिहास तिथे वाचला जातो. ‘पेशंटच्या सांगण्यानुसार चालत्या लोकलमधून पडला’ आणि ‘रेल्वे अपघात’ या दोन ओळींमधलं अंतर एखाद्या कुटुंबासाठी फार मोठं असू शकतं. पेशंट बेशुद्ध असेल तर माहिती कुणी दिली तेही लिहावं: पोलीस, हमाल, सहप्रवासी, जो असेल तो. कोडरने यात स्वतःचं काही घालायचं नाही आणि डॉक्टरनेही ऐकलं तेवढंच लिहायचं. क्लेम फॉर्ममध्येही इजेचं कारण, केस मेडिको-लीगल आहे का आणि पोलिसांत नोंद झाली का, हे विचारलेलं असतं.

डॉक्टरांना विचारायचं कसं

कागद अपुरा असेल तर कोडरने स्वतः एक्स-रे पाहून निदान करायचं नाही, कितीही अनुभव असला तरी. डॉक्टरांनी फ्रॅक्चर लिहिलेलं असेल तर नेमकी जागा रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टवरून घेता येते. पण ओपन की क्लोज्ड, ग्रेड कोणती, नॉनयुनियन आहे का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायचं.

विचारण्याची रीतही महत्त्वाची. ‘सर, हे ओपन ग्रेड थ्री आहे ना? तसं लिहिलं तर क्लेम पास होईल’ असा प्रश्न करायचा नाही, तो उत्तर तोंडात घालणारा प्रश्न आहे. असा विचारायचा: ‘नर्सिंग नोटमध्ये उजव्या नडगीच्या पुढच्या भागावर जखम आणि ओटी नोटमध्ये डिब्राइडमेंटचा उल्लेख आहे. निदानात फ्रॅक्चर ओपन की क्लोज्ड हे दिसत नाही. कृपया आपल्या मते ओपन, क्लोज्ड किंवा अन्य काय ते नोंदवावं, आणि ओपन असल्यास प्रकार लिहावा.’ कागदावर काय दिसलं ते सांगा, पर्याय मोकळे ठेवा, पैशाचा विषय काढू नका. डॉक्टरांनी दिलेलं उत्तर तारीख-वेळ-सहीसकट पुरवणी नोंद म्हणून यायला हवं. जुन्या नोंदीवर शाई फिरवून दुरुस्ती करणं म्हणजे पुढे कोर्टात स्वतःच्याच पेशंटला अडचणीत आणणं.

ऑपरेशनचा कोड हा वेगळा विषय आहे, इथे थोडक्यातच सांगतो. अमेरिकेत डॉक्टरांच्या बिलासाठी सीपीटी नावाची यादी आहे. नडगीच्या शाफ्टला रॉड घातला तर २७७५९, प्लेट लावली तर २७७५८. फिब्युला मोडली असली-नसली तरी हेच. ओपन फ्रॅक्चरचं डिब्राइडमेंट किती खोल गेलं, कातडीपर्यंत, स्नायूपर्यंत की हाडापर्यंत, यावर ११०१०, ११०११ किंवा ११०१२. म्हणून ‘डिब्राइडमेंट डन’ एवढंच लिहू नये, कुठवर काढलं ते लिहावं. आपल्याकडच्या सरकारी योजनांत पॅकेजचं नाव निवडायचं असतं, पण तिथेही प्री-ऑप आणि पोस्ट-ऑप एक्स-रे, ओटी नोट आणि निदान यांची बाजू, डावी की उजवी, एकमेकांशी जुळली नाही तर फाइल परत येते.

नातेवाइकांनी घरी निघण्याआधी डिस्चार्ज कार्ड काउंटरवरच उघडून वाचावं. डावा-उजवा बरोबर आहे का, कोणतं हाड ते लिहिलं आहे का, जखम होती तर ‘ओपन’ आणि ग्रेड आहे का, अपघात कसा झाला ते तुम्ही सांगितलं तसं आहे का, ऑपरेशनची तारीख आणि घातलेल्या रॉडचं किंवा प्लेटचं स्टिकर सोबत आहे का. काही चुकलं असेल तर नम्रपणे, पण तिथेच सांगा. आरएमओ (निवासी डॉक्टर) असताना दुरुस्तीला पाच मिनिटं लागतात, रोटेशन बदलून तो दुसऱ्या युनिटला गेला की त्याच कामासाठी खेटे घालावे लागतात. एक्स-रेच्या फिल्म आणि मोबाइलवर मिळालेल्या प्रती दोन्ही जपून ठेवा, हाड जुळलं तरीही. आणि पूर्ण इनडोअर पेपर हवे असतील तर लेखी अर्ज करा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीनुसार भरती पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळायची असतात, आणि पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर पोच देऊन ७२ तासांत द्यायची असतात. पायात रॉड असलेल्या माणसाने तीन वर्षं उलटण्याची वाट पाहू नये, पहिल्याच फॉलोअपला अर्ज देऊन प्रती घेऊन ठेवाव्यात.